गाठ न मारणाऱ्या अनुसयाबाई

ती गाठ मी मारली होती. माझ्या धाकट्या बहिणीच्या, कुसुमच्या, रुखवतातल्या टेबलक्लॉथवर, चौथ्या कोपऱ्यातल्या एका हिरव्या पानाच्या मागे. ज्वारीच्या दाण्याएवढीसुद्धा नव्हती. पण ती बाईंच्या शिकवण्यातली चूक आहे असं मी चार बायकांसमोर सांगितलं, आणि बाई तिथेच उभ्या होत्या. आज बाई नाहीत. त्यांच्याविषयी काही लिहायचं तर आधी हे सांगायला हवं, नाहीतर पुढे मी त्यांचं कितीही कौतुक केलं तरी ते खोटं ठरेल.

अनुसयाबाई एका महिला मंडळाच्या वर्गात मुलींना भरतकाम शिकवायच्या. वर्ग नागपूरच्या महाल भागात, आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. बाई राहायच्या इंदोऱ्याला. तिथून रोज लेडीज सायकलवर यायच्या, उन्हाळ्यात डोक्याला ओला पंचा गुंडाळून. ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या, चाळिशीच्या आसपासच्या. कमरेला नाडीने बांधलेली छोटी कात्री कायम असायची, बाजारात जाताना आणि लग्नातसुद्धा. नवरा गिरणीत होता. छप्पन्न साली दोघांनी दीक्षा घेतली तेव्हा त्या एका मिशनच्या दवाखान्यात चादरी आणि अभ्रे शिवून द्यायच्या कामाला होत्या. तिथल्या एका म्हाताऱ्या नर्सने त्यांना क्रॉस स्टिच शिकवलं. बाई त्याला फुलीचा टाका म्हणायच्या.

पहिल्यांदा मी त्यांना भेटलो ते तक्रार घेऊन. कुसुमला विषमज्वर झाला होता, दोन महिने वर्ग बुडाला होता, आणि लग्न तर ठरलं होतं. वडील नव्हते, त्यामुळे घरातला कर्ता मीच. सरकारी कचेरीत कारकून, वय सत्तावीस, अंगात मोठेपणा वयापेक्षा जास्त. मी बाईंना ऐकवलं, की मुलीचं काम मागे पडलंय आणि वर्गाकडून काही व्यवस्था व्हायला हवी. बाई माझ्या शर्टाकडे पाहत होत्या. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "भाऊ, हे तिसरं बटण कोणी लावलं?"

मीच लावलं होतं. तसं सांगितलं.

"मागून दोरा लोंबून राहिला. पलटवून पाहा."

मी शर्टाची पट्टी उलटी करून पाहिली. खरंच लोंबत होता. वर्गातल्या मुली फिसकन हसल्या. बाईंनी कमरेची कात्री माझ्यापुढे धरली आणि म्हणाल्या, कुसुमचं काम पुरं करायला त्या दर रविवारी घरी येतील. मोबदल्याचा विषय काढला तर त्या ऐकायलाच तयार नव्हत्या. पोरगी आजारी पडली यात तिचा काय दोष, एवढंच म्हणाल्या.

"पलटवून दाखव" हे बाईंचं पालुपद होतं. कोणी काही चांगलं केल्याचं सांगितलं की त्या हेच म्हणायच्या. भाजीवालीकडे कोबी घेतला तरी उलटा करून देठ पाहायच्या. कुसुमने लाजत लाजत होणाऱ्या नवऱ्याचा फोटो त्यांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी चेहरा पाहिला, मग फोटो उलटा केला आणि मागचा स्टुडिओचा शिक्का वाचला. "पोट्टा चांगला आहे," म्हणाल्या. "फोटो आपल्या गावी, काटोलातच काढला, नागपुरात येऊन भपका नाही केला." माझी आई फार कमी हसायची. त्या दिवशी हसली.

टेबलक्लॉथचा नमुना बाईंनीच चौकटीच्या कागदावर काढला होता. सासर काटोलचं, म्हणून चारही कोपऱ्यांत संत्र्याची डहाळी, दोन फळं आणि सात पानं, आणि कडेने बारीक लाल वेल. रंगांना त्यांची स्वतःची नावं होती. किनारीचा लाल तो भिवापुरी, मिरचीवरून. फळांचा तो काटोली. पानांचे दोन हिरवे होते, त्यातल्या गडद हिरव्याला त्या मेथी म्हणत आणि फिक्याला सांबार, म्हणजे कोथिंबीर.

तिसऱ्या रविवारी त्यांनी माझ्या हातात सुई दिली. मी वर्तमानपत्र घेऊन दाराशी बसलो होतो, आणि कुसुमचा हात अजून अशक्तपणाने थरथरत होता. बाई म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही नुसते बसून काहून राहिले? बटण लावता येते, तर पान भरता येईन." आईला ते आवडलं नाही. रुखवतात भाऊ सुई चालवतो हे लोकांना कळलं तर काय म्हणतील, असं ती पुटपुटली. बाईंनी शांतपणे सांगितलं, की लोक टाका पाहतील, मिशा नाही.

मग त्यांनी मला शिकवलं. त्यांचं सगळं शिकवणं दोन जागांवर होतं, धागा जिथे सुरू होतो तिथे आणि संपतो तिथे. मधल्या फुल्या काय, कोणीही घालतं, असं त्यांचं मत. मॅटीच्या कापडाला बारीक चौकटी असतात, मोजून सुई घालायची की फुली होते. पण गाठ मारायची नाही. दोऱ्याचा एकच पदर लांब घ्यायचा, मधोमध दुमडायचा, दोन्ही टोकं सुईत ओवायची. शेवटी फासा राहतो. पहिला अर्धा टाका घातला की कापडाच्या मागे सुई त्या फाशातून काढायची आणि हलकेच ओढायची. धागा बसला. फासा करता येत नसेल तर दोन बोटं शेपूट मागे सोडायचं, डाव्या हाताने धरून ठेवायचं, आणि पुढचे चार टाके त्याच्यावरून घालायचे म्हणजे ते आपोआप दाबलं जातं. संपवताना मागच्याच चार-पाच टाक्यांखालून सुई सरकवायची आणि दोरा कापडाशी लागून कापायचा. एका पानावरून दुसऱ्या पानावर मोकळा धागा न्यायचा नाही, पांढऱ्या कापडातून तो दिसतो.

"धागा कुठून आला ते दिसू नये, कुठं गेला ते समजू नये," त्या म्हणायच्या. आणि गाठीविषयी त्यांचं एक वाक्य वर्गातल्या प्रत्येक मुलीला पाठ होतं, "गाठ म्हणजे आळशाचा अंगठा." सही करता येत नाही तो अंगठा उठवतो, काम संपवता येत नाही तो गाठ मारतो. धुतल्यावर ती भोकातून निसटते, इस्त्री केल्यावर वरून पुटकुळीसारखी दिसते. पण बाईंचा राग त्याहून वेगळा होता. गाठ म्हणजे घाई, आणि घाई म्हणजे ज्याच्यासाठी आपण करतो त्याला कमी लेखणं, असं त्या मानत. हे त्यांनी कधी एवढ्या शब्दांत सांगितलं नाही. मी गाठ मारली की त्या न बोलता कात्री पुढे करत. मी उसवत असे.

त्या दुपारींची मला आज फार ओढ लागते. चटईवर कापड पसरलेलं, तीन कोपऱ्यांवर तीन माणसं, बाहेर सायकलरिक्षांच्या घंट्या. सुई कापडातून जाताना बारीक टक् असा आवाज येतो, तो ऐकू येण्याइतकी शांतता. मी कचेरीत आठवडाभर दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारायचो, त्यामुळे रविवारी संध्याकाळी एक पान भरून झालेलं पाहिलं की माझ्या हातून काहीतरी झालं असं वाटायचं. मला त्या आधी असं कधी वाटलं नव्हतं, नंतरही फारसं नाही. आईने सुरुवातीला बाईंचा चहाचा कप वेगळा ठेवला होता, खिडकीच्या फळीवर. मी ते पाहिलं होतं आणि काही बोललो नव्हतो. बाईंनीही पाहिलं होतं. महिन्याभराने तो कप आपोआप इतर कपांत मिसळला. आईच म्हणाली, कुठला कोणाचा ते आता ओळखू येत नाही. तेव्हा मला वाटलं, सगळं ठीक होतंय आणि मला काही करावं लागणार नाही. तो माझा स्वभावच आहे.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात चौथा कोपरा राहिला होता आणि तो माझ्याकडे होता. शेवटच्या पानाला धागा कमी पडला. दोन इंच उरला होता. तेवढ्या तोकड्या धाग्याने सुई टाक्यांखालून सरकत नाही. सुई काढून, नुसती टाक्यांखाली घालून, मग तिच्यात ते टोक ओवायचं, हे बाईंनी शिकवलेलं होतं. मला लग्नाच्या हॉलवर जायचं होतं. मी गाठ मारली आणि दोरा तोडला. दुसऱ्या दिवशी बाई आल्या आणि म्हणाल्या, भाऊ, पलटवून दाखवा. मी म्हटलं, कापड इस्त्रीला दिलंय. दिलं नव्हतं. त्या गेल्यावर दिलं.

लग्नात रुखवत मांडलं होतं. चिवड्याचे, लाडवांचे थाळे, मण्यांचं तोरण, आणि मधल्या टेबलावर तो टेबलक्लॉथ. कुसुमच्या हट्टामुळे बाई आल्या होत्या. पांढरं, निळ्या काठाचं पातळ, इस्त्री केलेलं. मुलाची आत्या नागपुरातच राहायची, आणि बाईंचा वर्ग ज्या मंडळाचा होता त्याच मंडळाच्या कार्यकारिणीवर होती. हे मला ठाऊक होतं. त्या क्षणी आठवलं नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. आठवलं होतं.

आत्याबाई तीन मैत्रिणींना घेऊन आल्या. कोपऱ्यांवरून हात फिरवत त्या चौथ्या कोपऱ्याशी थांबल्या. इस्त्रीमुळे पानावर बारीकसा उंचवटा चमकत होता. त्यांनी कापड उलटं केलं. सगळी मागची बाजू पुढच्यासारखीच नीटस, आणि त्यात ती एक गाठ.

"हे काय? कुणी शिकवलं मुलीला?" त्यांनी हसत विचारलं. त्यांच्या मैत्रिणीही हसल्या.

मी टेबलाशीच होतो. खरं सांगायचं तर, हा कोपरा मी भरलाय, असं म्हणायला हवं होतं. म्हणजे वधूचं काम वधूचं नाही आणि वधूचा भाऊ बायकांत बसून फुल्या घालतो, हे दोन्ही सासरच्या माणसांसमोर उघड झालं असतं. मी म्हणालो, "वर्गातल्या बाईंनी जसं शिकवलं तसं. आता त्या काय, त्यांना जमेल तेवढंच शिकवणार."

मंडळाचा कुठला वर्ग कोण घेतं ते आत्याबाईंना ठाऊक नव्हतं, त्यांनी बाईंचं नाव विचारलं. मी सांगितलं. मग आडनाव विचारलं. तेही सांगितलं. "असं होय," त्या म्हणाल्या, आणि कापड खाली ठेवलं. त्या दोन शब्दांत काय होतं ते नागपुरात राहणाऱ्या कोणालाही सांगावं लागत नाही. माझं ते "त्यांना जमेल तेवढंच" आत्याबाईंसाठीच होतं. आडनाव ऐकल्यावर त्यांना ते पटणार, हे मला बोलतानाच माहीत होतं.

बाई लाडवांच्या थाळ्यामागे, तीन पावलांवर होत्या. त्या पुढे आल्या, गाठीवर बोट ठेवलं, आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. ती कोणाची हे त्यांना कळलं. त्यांनी माझ्या इतक्या गाठी उसवायला लावल्या होत्या. त्यांनी आत्याबाईंना सांगितलं, "हाव, नजरेतून सुटली माझ्या. पोरीचं काम चांगलं आहे." कमरेची कात्री त्यांनी हातात धरली होती, पण गाठ कापली नाही. मग आईला, सायकल उन्हात आहे, असं सांगून त्या निघाल्या. जेवल्या नाहीत.

जूनमध्ये वर्ग सुरू झाला तेव्हा तिथे दुसऱ्या बाई होत्या. शेजारची एक मुलगी वर्गाला जायची, तिने सांगितलं, की अनुसयाबाईंची नजर आणि शिकवणं आता पहिल्यासारखं राहिलं नाही असं मंडळातल्या बायका म्हणाल्या, आणि कुठल्याशा लग्नात पाहिलेल्या गाठीची गोष्ट सांगितली. मी मंडळात जाऊन एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. कुसुमचं नुकतंच लग्न झालंय, आत्याबाई दुखावल्या तर तिला त्रास होईल, असं मी ठरवलं. कुसुमला मुलगी झाली, ती घरात रुळली, आत्याबाईंचा तिच्यावर जीव जडला, तरी मी गेलो नाही. काटोलहून कुसुमची पत्रं यायची, त्यात विचारलेलं असायचं, बाई कशा आहेत. मी लिहायचो, बऱ्या आहेत, तुझी आठवण काढतात. अकरा वर्षं मी हे लिहीत होतो, आणि ती माहेरी आली की काहीतरी कारण काढून बाईंकडे जाणं टाळत होतो. या अकरा वर्षांत मी एकदाही इंदोऱ्याला गेलो नाही. एकदा सीताबर्डीत त्यांची सायकल समोरून येताना दिसली तर मी एका दुकानात शिरलो आणि नको असलेल्या मोज्यांचा भाव विचारत उभा राहिलो.

आणि तरी मला त्यांची उणीव भासायची. हे सांगायला लाज वाटते, कारण भेटायला बंदी कोणी केली नव्हती. लोकांच्या घरी टीव्हीवर, रेडिओवर घातलेले भरलेले रुमाल दिसले की मी कोणी पाहत नसताना त्यांची कड उलटी करून पाहायचो. बहुतेकांच्या मागे गाठींची रांग आणि इकडून तिकडे गेलेले धागे असायचे. माझ्या बायकोला वाटायचं, ह्यांना ही बारीक चौकशीची खोड कुठून लागली. कधी एखादी मागची बाजू स्वच्छ निघाली की मी यजमानीणबाईंना विचारायचो, कुठे शिकलात. दोनदा उत्तर आलं, अनुसयाबाईंकडे. दोन्ही वेळा मी विषय बदलला.

मग एका दिवाळीत कुसुम तिच्या मुलीला घेऊन आली. मुलीला फुलीचा टाका शिकायचा होता. कुसुम म्हणाली, दादा, उद्या आपण हिला घेऊन बाईंकडे जाऊ, तू जातोसच ना. मी म्हटलं, परवा जाऊ. दुसऱ्या दिवशी मी एकटा गेलो. मनात चांगलं काही होतं म्हणून नव्हे. कुसुमला बाईंच्या तोंडून कळण्याआधी मला मिटवून टाकायचं होतं, म्हणून. माझं धाडस असं होतं.

घर विचारत विचारत सापडलं. पुढे पत्र्याची ओसरी, आणि तिथे सात-आठ मुली मॅटीचे तुकडे घेऊन बसलेल्या. बाई मध्ये खुर्चीवर. केस पांढरे, चष्म्याच्या काचा जाड. मुली काम आणून देत होत्या आणि त्या डोळ्यांपेक्षा बोटांनी जास्त पाहत होत्या, कापडाच्या मागून अंगठा फिरवत. मी दारात उभा राहून नमस्कार म्हटलं, तर त्यांनी आवाजावरूनच ओळखलं.

"भाऊ का? या. कुसुम कशी आहे?"

त्यांनी चहा आणायला सांगितला. आईची चौकशी केली. ती गेल्याचं सांगितलं तेव्हा म्हणाल्या, तिच्या हातचा चहा गोड असायचा. एकही वाकडा शब्द नाही. ते मला सहन होईना. मी खुर्ची पुढे ओढली आणि मुलींना ऐकू जाऊ नये अशा आवाजात सांगायला लागलो. लग्नाचं, गाठीचं, त्या वाक्याचं. त्यांनी ऐकून घेतलं. हातातल्या कापडावरचा अंगठा थांबला होता.

"गाठ तुमची होती ते मले तवाच मालूम होतं," त्या म्हणाल्या. "कुसुमच्या लग्नात तमाशा नको म्हणून मी बोलली नाही. वर्ग गेला, त्याचं दुःख झालं, पण इथं पोरी आल्या. मले वाटे, भाऊ येतीन. पुढच्या रविवारी येतीन, त्याच्या पुढच्या येतीन. वर्षभर मी रविवारी कुठं गेली नाही."

मी मान खाली घातली आणि पुन्हा हळूच म्हणालो, माफ करा.

"भाऊ, तवा चार बायांसमोर बोलले होते," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "आता कानात काहून सांगून राहिले?" आणि त्यांनी मुलींकडे वळून सांगितलं, "सुया खाली ठेवा वं. हे भाऊ काही सांगून राहिले, ते ऐका."

मुलींनी सुया कापडात खोचल्या आणि माझ्याकडे पाहू लागल्या. मी बसून बोलणार होतो, पण उठलो. काय बोलायचं ते घरून घोकून आणलेलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवेना. मी म्हणालो, माझ्या बहिणीच्या लग्नात मी एक कोपरा भरला होता. एक मुलगी दुसरीला कोपराने ढोसून हसली. तिने विचारलं, "तुम्ही भरला?"

"बोलू दे वं त्यांले," बाई म्हणाल्या.

"हो, मी भरला," मी म्हणालो. "बाईंनी मला नीट शिकवलं होतं. तरी घाई झाली म्हणून मी गाठ मारली, आणि लपवली. लोकांना सापडली तेव्हा बाईंनीच तसं शिकवलं असं मी सांगितलं. बाईंचं आडनाव ऐकल्यावर लोक माझ्यावर विश्वास ठेवतील हे मला माहीत होतं, म्हणून सांगितलं. त्यामुळे बाईंचा वर्ग गेला. त्यानंतर अकरा वर्षं मी इथे आलो नाही, कारण मला लाज वाटत होती, आणि ती लाजही मी स्वतःसाठीच जपली. बाईंनी कधीच कोणाला गाठ मारायला शिकवलं नाही. अनुसयाबाई, मी तुमच्याविषयी खोटं बोललो. मला माफ करा."